हळू म्हंजे कोनाले?

पान उघडत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की काकू आधी त्या माणसाकडे बघायच्या, मग त्याच्या हातातल्या फोनकडे, आणि सगळ्यात शेवटी आमच्या कॉम्प्युटरकडे. माझा क्रम बरोबर उलटा होता. मी आधी माझ्या स्क्रीनवर पान उघडायचो, ते झटकन उघडायचं, आणि मी सांगून मोकळा व्हायचो, "साइट व्यवस्थित आहे. तुमचं नेट हळू असेल."

"हळू म्हंजे कोनाले?" काकू खुर्चीतूनच विचारायच्या.

'साइट हळू आहे' हे वाक्य त्यांना अर्धवट वाटायचं, एक शब्द खाऊन टाकलेल्या वाक्यासारखं. कोणाला हळू? भातकुलीच्या शेतात उभ्या असलेल्याला, की मालकांच्या केबिनमधल्या मोठ्या स्क्रीनला? नव्या फोनला, की पोराने वापरून बापाला दिलेल्या फोनला? हे कळल्याशिवाय त्या कशालाच हात लावू देत नसत.

अमरावतीतल्या एका दैनिकात आम्ही दोघं वेबसाइटचं काम बघायचो. मी मूळचा अकोल्याचा, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परतलेलो. आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता, आणि तो मी लपवतही नव्हतो. काकू पन्नाशी ओलांडलेल्या. उभं आयुष्य त्यांनी त्याच दैनिकात प्रुफं वाचली होती. प्रूफ विभाग गुंडाळायची वेळ आली तेव्हा वेबसाइट नुकतीच सुरू झाली होती आणि ती कुणालाच नको होती. मालकांनी ती काकूंच्या गळ्यात घातली. त्यांनी काय केलं, तर साइट चालवायच्या प्रणालीतला एकेक इंग्रजी शब्द वहीत उतरवून घेतला, शब्दकोशातून त्याचा अर्थ काढला, आणि मग त्या शब्दावर क्लिक केलं. सहा महिने हे चाललं. सातव्या महिन्यात साइट बंद पडली, तेव्हा ती त्यांनी एकटीने उभी केली. ऑफिसात सगळे त्यांना काकूच म्हणत. आता त्या निवृत्त होऊन धामणगावला घरी असतात.

नोकरीत असताना त्या रोज धामणगावहून येणं-जाणं करायच्या. सकाळची गाडी बडनेऱ्यापर्यंत, तिथून ऑटो. बोलणं ठेठ वऱ्हाडी. आमच्याकडच्या जुन्या बायांसारखं स्वतःबद्दलही 'मी जातो, मी पाहतो' असंच म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी माझी ओळख चांगली लांबलचक करून दिली. ती संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सारं ठीक हाये बाप्पा. पन तू चप्पल काढतो का नाही?"

मला वाटलं, यंत्राची पूजाबिजा करत असतील. तसं काही नव्हतं. वाचकांच्या समोर असलेल्या चालू साइटमध्ये बदल करायचा असला, की त्या पायातल्या चपला काढून टेबलाखाली सरकवायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "चप्पल पायात आसली का मानूस पयते. अठी पयाचं नाही." घाई करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी हसलो. महिन्याभरात मीही बूट काढू लागलो.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे छापील कागद. कुठलं पान जड वाटलं की त्या त्याच्या मागचा सगळा कोड छापून घ्यायच्या. पानामागून पानं निघायची. प्रिंटरवाला शिपाई कुरकुरायचा, म्हणून त्यांनी रद्दीतले एका बाजूने कोरे कागद जमवून ठेवले होते. मग लाल पेन्सिल घेऊन बसायच्या आणि प्रूफ वाचावं तसा तो कोड ओळीने वाचायच्या. त्यातलं सगळं त्यांना कळायचं असं नाही. पण जे दोनदा आलंय, जे कुणी वापरत नाही, जे तिसऱ्याच कुठल्या साइटवरून मागवलं जातंय, ते त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. तिथे त्या 'काढून टाका'ची खूण करायच्या, समासात, जुन्या पद्धतीने. एकदा मी बघितलं तर एका छोट्या चौकटीभोवती त्यांनी लाल गोल काढला होता. मालकांनी हौसेने बसवून घेतलेली हवामानाची चौकट होती ती. अमरावतीचं तापमान दाखवण्यासाठी ती कुठल्या तरी परदेशातल्या यंत्राला विचारायला जायची, आणि उत्तर येईपर्यंत आमचं पान ताटकळत बसायचं.

"मे महिन्यात गरमी होऊन राहिली हे सांगाले कोनाले इचाराव लागते काय?" काकू म्हणाल्या. चौकट गेली.

फोटोग्राफरशी त्यांचं कायमचं वाजायचं. तो सत्कारसमारंभाचे फोटो कॅमेऱ्यातून निघतील तसे, अवाढव्य, साइटवर चढवायचा. एक दिवस काकूंनी त्याला बोलावून घेतलं, फोटो स्क्रीनवर मोठा केला, आणखी मोठा केला, एवढा की अध्यक्षांची फक्त मिशी उरली. "किती साफ आला पाह्य. केस न् केस दिसते. आता मले सांग, वाचनाऱ्याले अध्यक्षाच्या मिशीचे केस मोजाचे हायेत काय?" सगळं ऑफिस हसलं. फोटोग्राफर आठ दिवस बोलला नाही, पण त्यानंतर फोटो लहान करून देऊ लागला.

पण काकूंची खरी प्रयोगशाळा होती रेल्वेचा डबा. चांदूर सुटलं की मालखेडच्या आसपास जंगल लागतं आणि फोनची रेंज जाऊ-येऊ करते. नेमकं तिथे काकू पिशवीतून त्यांचा जुना फोन काढायच्या. काच तडकलेली, मागचं झाकण रबराने बांधलेलं. आदल्या दिवशी केलेला बदल त्या फोनवर, त्या टापूत उघडून बघायच्या. घड्याळ लावून मोजायच्या, तीनदा, आणि मधला आकडा वहीत लिहायच्या. ऑफिसात सगळं झकास दिसलं तरी काकूंचं एकच: "मालखेडले पाहू."

मी एकदा त्यांच्या गावी जेवायला गेलो होतो, रात्री तिथेच राहिलो, तेव्हा परतताना सकाळी त्यांच्यासोबत त्या डब्यात बसलो. चांदूरहून चढलेल्या भाजीवाल्या बाया टोपल्या पायाशी घेऊन बसल्या होत्या. काकूंनी फोन काढताच एक म्हणाली, "झालं सुरू मॅडमचं." आणि मग त्या तिघी-चौघी मिळून मोठ्याने मोजू लागल्या, एक, दोन, तीन, चार. नवाला पान उघडलं. "कालच्यापेक्षा बरं हाये," टोपलीवरचं ओलं फडकं सारखं करत दुसरी म्हणाली. पुण्यात आमच्याकडे याच कामासाठी भलं मोठं सॉफ्टवेअर होतं. या बायांइतकं खरं उत्तर त्याने मला कधी दिलं नाही.

त्यांचा राग मी एकदाच अंगावर घेतला. साइट मंदावली होती. मी उत्साहात एकाच दुपारी तीन गोष्टी बदलल्या. एक जोडणी काढली, पानांच्या तयार प्रती साठवून ठेवायची सोय चालू केली, आणि जुन्या नोंदी साफ केल्या. साइट पळू लागली. पेढे आणायचेच बाकी होते. काकूंनी विचारलं, "कायच्यानं झालं?"

"म्हणजे?"

"तिघाईतल्या कोन्या औषिदानं?"

मला सांगता येईना. त्यांनी तिन्ही बदल परत फिरवायला लावले. साइट पुन्हा रांगू लागली. मग रोज एक, असं करत तीन दिवसांनी कळलं की एकाच बदलाने काम होत होतं आणि उरलेल्या दोहोंपैकी एक तर अपायच करत होता. "एका टायमाले एकच," त्या म्हणाल्या. "तुले बह्याड म्हनत नाही मी. पन बह्याड बी असंच करते." बह्याड म्हणजे वेडपट.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. हट्टी होत्या. सर्व्हरवाल्या कंपनीच्या माणसांशी फोनवर इतकं तोडून बोलायच्या, की नंतर त्यांची समजूत मला काढावी लागे. एकदा मराठी अक्षरांच्या फॉन्टवर त्यांचा डोळा गेला. फार जड आहे म्हणून तो काढून टाकायचा त्यांनी ध्यास घेतला, मी नको म्हणत असताना काढलाही. दुसऱ्या दिवशी जुन्या फोनवर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसू लागल्या. चूक कळल्यावर काकू उठल्या आणि संपादकांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन म्हणाल्या, "माही चुकी झाली. दुपारपावतर ठीक करतो." माझ्याकडे सगळ्यात आधी आल्या होत्या. मला कोणत्याही वरिष्ठाने तोवर असं काही म्हटलेलं नव्हतं.

हे सगळं त्यांच्या तऱ्हांविषयी झालं. त्या मला खऱ्या कळल्या त्या निधन वार्तांच्या पानामुळे.

आमच्या साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान राजकारणाचं नव्हतं, निधन वार्तांचं होतं. जिल्ह्यात कोण गेलं, अंत्ययात्रा कुठून, किती वाजता, हे लोक तिथे बघायचे. मालकांनी हे हेरलं होतं. फोनवर फिरणाऱ्या संदेशात फक्त नाव द्यायचं आणि 'अंत्ययात्रेची वेळ पाहण्यासाठी इथे दाबा' असं लिहायचं, अशी त्यांची सूचना होती. म्हणजे माणूस साइटवर यायलाच हवा.

त्या पानावर मी एक भर घातली होती. वार्तेच्या वर 'फूल वाहा' असं बटण. दाबलं की फोटोसमोर झेंडूचं एक फूल हळूच खाली येऊन पडायचं. ज्यांनी ज्यांनी फुलं वाहिली त्या सगळ्यांची फुलं तिथे साचत जायची. लोकांना ते फार आवडलं. मालकांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. काकूंनीही मालखेडला तपासून 'ठीक हाये' म्हटलं.

मग एक सकाळ अशी आली की सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. डोक्यावर जाळीची टोपी, खांद्याला कापडी पिशवी, बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले. अकोल्यात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. आम्ही पुढे त्यांना चाचाच म्हणू लागलो. भांडायला आले नव्हते. त्यांनी फोन पुढे केला आणि म्हणाले, "मले फक्त इचाराचं होतं, मी काही चुकीचं दाबून राहिलो काय? हे पाहा ना. अजून फिरूनच राहिलं."

स्क्रीनवर ते लहानसं वर्तुळ गरगरत होतं. मी सवयीने माझ्याकडे तेच पान उघडलं. लगेच उघडलं. अमरावतीतल्या एका जुन्या शिक्षकांच्या निधनाची वार्ता होती ती. दोनच दिवसांपूर्वीची.

"चाचा, तुमचं नेट..." मी सुरुवात केली. काकूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्यांनी चाचांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि विचारलं, "हे गुर्जी तुमचे कोन?"

चाचा लहानपणी अमरावतीतच होते. चौथीत शाळा सुटली, कारण बापाला कापूस पिंजायला हात कमी पडत होते. ते गुरुजी शाळा सुटल्यावर दुकानात यायचे, गादीच्या कापडावर खुणेच्या खडूने अक्षरं लिहायचे आणि यांना वाचायला लावायचे. दोन वर्षं. "मले मराठी वाचता येते ते त्याईच्यामुळं," चाचा म्हणाले. परवा कुणीतरी त्यांना संदेश पाठवला. ते तसेच दुकान बंद करून अकोल्याहून एसटीत बसले आणि वाटभर ते 'इथे दाबा' दाबत राहिले. पान उघडेना. गुरुजींच्या जुन्या घरी गेले, तर कुलूप. अंत्ययात्रा निघाली होती मुलाच्या नव्या घरून, गावाच्या दुसऱ्या टोकाहून. विचारत विचारत पोचले, तेव्हा लोक स्मशानातून परतत होते.

"खांदा द्याचा होता," ते म्हणाले. मग फोनकडे बघत जरा ओशाळून म्हणाले, "मले वाटलं, मलेच जमत नसन."

 काकूंनी त्या फोनवर पान पुन्हा उघडायला लावलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. एक मिनिट झालं. दुसरं सुरू झालं. चाचाच शेवटी म्हणाले, "राहू द्या बाई. मी फक्त इचाराले आलो होतो." जाताना त्यांनी दुकानाचा पत्ता मात्र लिहून दिला, काकूंनी मागितला म्हणून.

त्या दिवसापासून काकूंना दुसरं काही सुचेना. चालू साइटवर प्रयोग नकोत म्हणून मी साइटची एक हुबेहूब नक्कल तयार केली. तिच्यावर आम्ही एकेक गोष्ट बंद करून बघू लागलो. जाहिरातींची जोडणी बंद केली, मोजलं. सरकणारे फोटो बंद केले, मोजलं. वहीची पानं भरत गेली. पण गंमत अशी, की नकलेवर निधन वार्तांचं पान सगळं चालू ठेवूनही झटकन उघडत होतं. आजारी माणसाची तपासणी करायला घ्यावी आणि तो ठणठणीत निघावा, तसं झालं. मी म्हणत राहिलो, सर्व्हरचा दोष आहे. काकू मानेनात.

"अस्सलमधी हाये आन नकलेत नाही, असं काय हाये?" तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं.

आणि मला उत्तर कळलं. त्याच क्षणी, जेवणाचा डबा उघडता उघडता. नक्कल करताना ती हलकी व्हावी म्हणून मी फुलांच्या नोंदी सोडून दिल्या होत्या. नकलेत फुलंच नव्हती. चालू साइटवर त्या गुरुजींच्या फोटोसमोर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हजारो फुलं वाहिली होती, आणि मी ते असं बांधलं होतं की प्रत्येक फुलाचं चित्र वेगळं मागवलं जाई. त्यात सगळी फुलं येऊन पडल्याशिवाय खालचा मजकूर दिसतच नसे. आमच्या दणकट कॉम्प्युटरला काही वाटत नव्हतं. चाचांचा फोन त्या फुलांखाली दबून गेला होता.

मी म्हणालो, "बघतो." आणि काहीच सांगितलं नाही. मीटिंगमध्ये घेतलेलं माझं नाव मला आठवत होतं. संध्याकाळी घरून, कुणाला न कळता, गुपचूप दुरुस्त करून टाकावं असं मनात आलं. पण तसंही केलं नाही. घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. गाडीत भाजीवालीच्या फोनवर त्यांनी दोन वार्ता शेजारी शेजारी उघडून बघितल्या होत्या. एक त्याच पहाटेची, दुसरी गुरुजींची. पहिली उघडली, दुसरी नाही. "फुलं," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळचं ताजं पान पाहत होतो. तवा त्याच्यावर एकबी फूल राहत नाही. जड होते ते दुपारी."

"मला माहीत आहे, काकू," मी म्हणालो. "मला काल दुपारीच कळलं होतं."

त्या उभ्याच राहिल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा माउस घेतला, निधन वार्तांची यादी उघडली आणि काल दुपारनंतर चढलेल्या वार्तांची नावं एकेक करून वाचू लागल्या. पूर्ण नाव, गाव, अंत्ययात्रेची वेळ. प्रुफं वाचायच्या तशाच, सपाट, स्पष्ट आवाजात. शेवटचं नाव झाल्यावर म्हणाल्या, "ह्याईच्याकडं बी कोनी निंगालं आसन."

 

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही दोघंही गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच काकू म्हणाल्या, "साहेब, चुकी माही हाये. पान मी तपासलं होतं. माह्या हातून गेलेलं पान चुकलं, तं चुकी माहीच."

मी म्हणालो, "सर, ते बटण मी..."

"हो, त्यानं बनवलं," काकू म्हणाल्या. "पन तपासाचं काम माहं." छापखान्यातला त्यांचा हा जुना नियम होता. मजकूर कुणीही लिहो, चुकीसह छापला गेला तर जबाबदार प्रूफ वाचणारा.

मालक रागावले नाहीत. फुलं लोकांना आवडतात, काढू नका, एवढंच म्हणाले. मग काकूंनी दुसरी मागणी केली. अंत्ययात्रेची वेळ आणि ठिकाण फोनवरच्या संदेशातच द्यायचं, साइटवर यायची सक्ती नको. मालक हसले. म्हणाले, "काकू, मग साइटवर येईल कोण?"

"साहेब," काकू म्हणाल्या, "मेलेल्याच्या दारात आपन लोकाईले अडवून ठेवतो आन गर्दी किती झाली ते मोजतो. हे बरं दिसते काय?"

 मालकांच्या वडिलांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मालक खिडकीकडे बघत म्हणाले, "करा काय करायचं ते."

त्याच दिवशी आम्ही पान बदललं. सगळ्यात वर नाव, त्याखाली वेळ आणि ठिकाण, साध्या अक्षरांत. मग फोटो, लहान. हजार फुलांच्या जागी एकच चित्र आणि शेजारी आकडा, तोही मागाहून येणारा. फुलं कुणाचीही वाया गेली नाहीत. फक्त ती आता कुणाच्या आड येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मालखेडला ते पान मोजायला सुरुवात करेपर्यंत उघडलं होतं. भाजीवाल्या हिरमुसल्या म्हणे.

मला वाटलं, इथे विषय संपला. पण त्या रविवारी काकूंचा फोन आला. "बडनेऱ्यावर ये. अकोल्याले जाऊ."

चाचांचं दुकान बाजारात आतल्या बाजूला होतं. ते जमिनीवर बसून एका नव्या गादीला टाके घालत होते. आम्हाला बघून गडबडले, चहा सांगितला. काकूंनी त्यांचा फोन मागितला आणि गुरुजींचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. ते वर्तुळ एकदाही फिरलं नाही. चाचांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचला. सहा ओळींची वार्ता, त्यांना पाच मिनिटं लागली. वाचून झाल्यावर त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मला आता कळलं की मला कशाला आणलंय. मालकांसमोर त्यांनी मला पाठीशी घातलं होतं. इथे घालणार नव्हत्या.

"चाचा," मी म्हणालो, "ते पान माझ्यामुळे अडकलं होतं. लोकांना फोटोसमोर फूल वाहता यावं, असं मी बनवलं होतं. फुलं फार झाली. आणि कळल्यावरही एक दिवस मी गप्प बसलो."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता उठायला सांगतील.

"फुलं," ते म्हणाले. "चांगलंच केलं होतं तू. गुर्जीवर इतकी फुलं पडली, मले तं खुशीच वाटली. पन बेटा, फुलं मागाहून बी वाहता येते. आधी मानसाले पोचू तं द्याव."

एवढं बोलून त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. मग चहा आला, आणि काकूंनी त्यांना गुरुजींच्या आणखी आठवणी विचारल्या. ते सांगत गेले, मध्येच हसत, मध्येच टाका घालायचं थांबून. आमची ठरलेली गाडी त्यात निघून गेली. पुढच्या गाडीला गर्दी होती, तरी कुणीतरी काकूंना खिडकीजवळची जागा दिली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या झोपल्या होत्या. मी समोर उभा होतो. गाडी थांबल्याच्या धक्क्याने त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि विचारलं, "कसं वाटून राहिलं आता?"

"हलकं," मी म्हणालो.

"मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि मला टेकता यावं म्हणून पिशवी मांडीवर घेऊन जरा सरकून बसल्या.